संत गोन्सालो गार्सिया यांचा शेवटचा नाताळ



नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामात बशा फिरू लागतात. एका घरून करंज्या येतात, दुसऱ्या घरून कुलकुल, तिसऱ्या घरून केकचा तुकडा. दिवाळीत शेजारच्या काकूंनी फराळाचे ताट पाठवलेले असते. ते रिकामे परत करायचे नाही म्हणून नाताळात भरून जाते. रात्रपाळी असलेल्याला मध्यरात्रीच्या मिस्साला जाता यावे म्हणून त्याच्या जागी कारखान्यात दुसरा उभा राहतो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा ख्रिस्ती नसतो. या गोष्टी इतक्या लहान की त्यांची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. ज्याला त्यांचा लाभ होतो तो म्हणतो, नशीब माझे. आणि ज्याने केले तो दोन दिवसांत विसरून जातो.

या रविवारी आपण एका अशा संताचे चरित्र पाहणार आहोत, ज्यांचे आयुष्य अशाच लहान गोष्टींनी घडले. हा संत आपल्याला परका नाही. कर्जतहून कल्याण, आणि कल्याणहून वसई. गाडी मिळाली तर अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल इतके त्यांचे गाव जवळ. वसईत जन्मलेले आणि जपानमध्ये ख्रिस्तासाठी प्राण दिलेले संत गोन्सालो गार्सिया हे भारतभूमीत जन्मलेले पहिले संत. त्यांचे क्रूसावरील मरण आपल्याला माहीत असते. त्याआधीचा त्यांचा नाताळ कसा आला, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

वसईचा मुलगा

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून ती त्यांना मिळाली आणि पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, वसईची. म्हणजे घरात दोन भाषा, दोन चालीरीती, आणि बाहेर गेले की दोन्हीकडच्या लोकांच्या नजरा. अशा मुलाला आपला म्हणावे की परका, हा प्रश्न त्या काळीही लोकांना पडत असेच.

या मुलाला येशूसंघाच्या धर्मगुरूंनी जवळ केले. वसईत त्यांचे विद्यालय होते. तिथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्या देखरेखीखाली गोन्सालो वाढले आणि शिकले. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हे रोजचेच काम होते. एका मुलाला वाचायला शिकवले, प्रार्थना शिकवली, अंगावर कपडा आणि पोटाला घास आहे ना ते पाहिले. पण त्या मुलाच्या दृष्टीने आयुष्याची दिशा तिथे ठरली. पंधरा-सोळा वर्षांचे असताना गोन्सालो धर्मगुरूंबरोबर जहाजाने जपानला गेले.

जपानी भाषा किती अवघड, हे शिकू पाहणाऱ्यालाच ठाऊक. गोन्सालो ती लवकर शिकले, आणि पुढे त्यांच्या तोंडी ती अशी बसली की जपानी माणसे त्यांचे बोलणे आवडीने ऐकत. ज्या मुलाला घरातच दोन भाषांत जगावे लागले होते, त्याला तिसरी भाषा सोपी गेली असावी. ज्या गोष्टीमुळे लोकांनी त्याला अर्धा परका मानले असेल, तीच गोष्ट देवाच्या हातात उपयोगाची ठरली.

बंद राहिलेले दार

जपानमध्ये सुमारे आठ वर्षे गोन्सालो धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांबरोबर राबले. मुलांना शिकवायचे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांना समजावून सांगायचे, लोकांची दुःखे धर्मगुरूंच्या कानावर घालायची. येशूसंघात बंधू म्हणून आपल्याला घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही.

भाविकहो, इथे थोडे थांबू या. आठ वर्षे ज्या घरात सेवा केली, त्या घराचा सभासद होता आले नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी असे दार बंद झालेले अनुभवले असेल. कारखान्यात वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केले आणि कायम करण्याच्या यादीत नाव आले नाही. लग्न ठरता ठरता मोडले. अशा वेळी माणसाचे मन आंबते. आपल्यावर अन्याय झाला, मग आपण का कुणाचे भले करावे, असा विचार येतो.

गोन्सालो व्यापार करू लागले. भाषा येत होती, माणसे जोडलेली होती, धंदा चांगला चालला. व्यापाराच्या निमित्ताने त्यांचे मनिलाला जाणे-येणे सुरू झाले. हाती पैसा होता, बाजारात नाव होते. तरी मनातली जुनी ओढ गेली नव्हती. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात आले, कुष्ठरोग्यांच्या सेवेत रमले आणि अखेर व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे व्रतस्थ बंधू म्हणून. म्हणजे वेदीवर उभे राहणे त्यांच्या वाट्याला नव्हते. दार उघडणे, झाडणे, शिजवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे आणि दुभाष्याचे काम करणे हे त्यांचे जीवन.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हा विद्यार्थ्यांना समजावून देत. माणूस न्यायी कृत्ये करत करत न्यायी होतो, जसा वीणा वाजवत वाजवत वादक होतो. चांगुलपणा ही अंगवळणी पडणारी गोष्ट आहे. मोठा प्रसंग येईल तेव्हा मी मोठे धैर्य दाखवीन, असे म्हणून बसलेल्या माणसाला प्रसंग आल्यावर हातपाय सापडत नाहीत. गोन्सालो यांच्या चरित्रात हे तत्त्व डोळ्यांना दिसते. त्यांनी क्रूसाची तयारी कुष्ठरोग्यांच्या जखमा धुताना केली.

क्योटोचे छोटे घर

१५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्याकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्टिस्टा, आणि दुभाषे होते बंधू गोन्सालो. हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. तरीही या मंडळींना त्यांनी राहू दिले आणि राजधानी क्योटो येथे जागा दिली. एका शब्दाची चूक झाली असती तर सगळ्यांच्या जिवावर बेतले असते. तो शब्द नीट पोहोचवण्याची जबाबदारी वसईच्या मुलावर होती.

१५९४ मध्ये क्योटोत फ्रान्सिस्कनांचे छोटे चर्च आणि मठ उभे राहिले. शेजारी त्यांनी गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू केली. एक संत अन्ना यांच्या नावाने, दुसरे संत जोसेफ यांच्या नावाने. ज्यांना घरच्यांनीही दूर केले होते, अशी माणसे तिथे येऊ लागली. या घराभोवती साध्या लोकांचे एक कुटुंब तयार झाले. त्यात वैद्य होता, सुतार होता, तलवारी घडवणारा कारागीर होता, आणि मिस्साला सेवा करणारी लहान मुलेही होती. ओसाका येथेही बंधूंचे घर झाले, आणि तिथला स्वयंपाकीही याच कुटुंबातला.

या मुलांपैकी अँथनी तेरा वर्षांचा होता. त्याचे वडील चिनी, आई जपानी. दोन देशांच्या मधे वाढलेल्या या मुलाकडे पाहताना गोन्सालो यांना आपले वसईतले बालपण आठवले असेल, असे आम्हाला वाटते.

पहाऱ्यातला नाताळ

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरचा मौल्यवान माल जप्त झाला. या प्रकरणातून असा संशय वाढला की आधी धर्मगुरू येतात आणि मागून स्पेनचे सैन्य येते. हिदेयोशी संतापले. डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कन घरांवर पहारे बसले.

आगमनकाळ चालू होता. आपण गोठा सजवत असतो, त्याच दिवसांत त्यांच्या दाराशी शिपाई उभे होते. ना कुठे जाता येत होते, ना पुढे काय होणार ते कळत होते. रुग्णालयातले आजारी शेजारीच होते. अशा स्थितीत १५९६ चा नाताळ आला. बेथलेहेममध्ये जागा न मिळालेल्या बाळाचा सण त्यांनी कैद्यांप्रमाणे पाहिला.

या दिवसांतील एक हकिकत ख्रिस्तसभेने जपून ठेवली आहे. शिपाई क्योटोच्या घरातील माणसांना यादीप्रमाणे न्यायला आले. यादीत माथियस असे एक नाव होते. पुकारा झाला तेव्हा तो माथियस घरात नव्हता. शेजारी राहणारा दुसरा एक ख्रिस्ती माणूस पुढे आला. त्याचेही नाव माथियसच होते. ज्याला बोलावले तो मी नव्हे, पण नाव माझेही तेच आहे, असे त्याने सांगितले. शिपायांना संख्या पुरी करायची होती. त्यांनी त्याला घेतले. शेजाऱ्यासाठी शेजारी उभा राहिला, इतकीच ही गोष्ट. पहिल्या माथियसच्या दृष्टीने याला नशीब म्हणायचे की कृपा? बाजारात गेलेला माणूस परत येतो आणि त्याला कळते की त्याच्या जागी कुणीतरी गेले. आपण जेव्हा म्हणतो की येशू आपल्या जागी उभा राहिला, तेव्हा आपलीही अवस्था त्या माथियससारखीच असते.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत कैद्यांना बाहेर काढण्यात आले. नाक आणि कान कापावेत असा मूळ हुकूम होता. अंमलबजावणी करणारे अधिकारी इशिदा मित्सुनारी यांनी तो सौम्य केला आणि प्रत्येकाच्या डाव्या कानाचा फक्त काही भाग कापला गेला. हे अधिकारी ख्रिस्ती नव्हते. हुकूम मोडण्याची त्यांची शक्ती नव्हती. जेवढे कमी करता आले तेवढे त्यांनी केले. मोठ्या अन्यायाच्या यंत्रात बसलेल्या माणसालाही एवढी जागा असते. कचेरीत, पोलीस चौकीत, कारखान्याच्या फाटकावर काम करणाऱ्या आपल्या भाविकांनी हे लक्षात ठेवावे.

कैद्यांना बैलगाड्यांत बसवून क्योटोच्या रस्त्यांवरून फिरवले, मग ओसाका आणि साकाई या शहरांतून. या साकाई शहराचा नाताळाशी एक जुना संबंध होता. तीसएक वर्षांपूर्वी, १५६० च्या दशकात, तिथे एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन सैन्यांतील ख्रिस्ती शिपायांनी एकत्र येऊन नाताळ साजरा केल्याचे फादर लुईस फ्रोइस यांनी नोंदवले आहे. सणापुरते त्यांनी वैर बाजूला ठेवले आणि एकमेकांना जेवण वाढले. त्याच शहरात आता कानाला जखमा असलेले ख्रिस्ती कैदी गाड्यांतून नेले जात होते.

वाटेवरचे दोघे

शिक्षा नागासाकीला द्यायची ठरली. ऐन थंडीत सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास, जवळजवळ महिनाभराचा. कैदी होते चोवीस. त्यांच्या वाटेवर मदत करायला दोघे जण होते. पेद्रो सुकेजिरो याला येशूसंघाचे फादर ऑर्गांतिनो यांनी कैद्यांची देखभाल करायला पाठवले होते. दुसरा फ्रान्सिस नावाचा सुतार, तो आपणहून मागे आला. कुणाला खायला दे, कुणाला काय हवे नको ते पाहा, असे त्यांचे काम चालले होते. पहारेकऱ्यांनी अखेर त्या दोघांनाही पकडून कैद्यांत जमा केले. चोवीसचे सव्वीस झाले.

भाविकहो, आपण लहान उपकार असे म्हणतो खरे. पण तो किती महाग पडेल हे करणाऱ्याला आधी माहीत नसते. पेद्रो आणि फ्रान्सिस हुतात्मा व्हायला निघाले नव्हते, ते थंडीत चालणाऱ्या माणसांना मदत करायला निघाले होते. पकडल्यावर, आम्ही यांच्यातले नाही, असे सांगून सुटण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. चौदा-पंधरा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या वडिलांबरोबर याच कैद्यांत होता. वाटेत त्याने आईला पत्र लिहिले. त्यात त्याने आपल्या दुःखाचे रडगाणे गायले नाही; आईला धीर दिला आणि धाकट्या भावांना सांभाळायला सांगितले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे झाले. बंधू गोन्सालो यांचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते. क्रूसावरूनही ते जमलेल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत, जपानीत, प्रभूविषयी बोलले असे परंपरा सांगते. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द पोहोचवणारा दुभाषा शेवटी स्वतःच्या शब्दांत बोलला. मग भाल्यांनी सर्वांचा अंत करण्यात आला. त्यांच्यात येशूसंघाचे तिघे जपानी सभासदही होते. ज्या संघात गोन्सालो यांना घेतले नव्हते, त्याच संघातील माणसे आणि गोन्सालो आता एका रांगेत होते. दारांच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा हिशेब त्या टेकडीवर संपला.

१६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला त्यांचे स्मरण करते. वसई तालुक्यात गास येथील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने आहे, आणि वसईतील एक महाविद्यालयही.

खोपोलीत याचा अर्थ काय

आपल्या धर्मग्रामात मराठी, कोंकणी, मल्याळी, तमिळ, हिंदी अशा भाषा बोलणारी कुटुंबे आहेत. अलीकडे दूरच्या राज्यांतून कंत्राटी कामावर आलेले तरुणही नाताळच्या मिस्साला येतात. ते मागच्या भिंतीशी उभे राहतात. मिस्सा संपली की आपण एकमेकांना मिठ्या मारतो, मुलांना गोठा दाखवतो, केक वाटतो. ते तोपर्यंत फाटकाबाहेर गेलेले असतात. त्यांना कुणी हाकलत नाही. फक्त त्यांच्याशी कुणी बोलत नाही. आणि ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याला, आपल्याला इथे जागा नाही, हे न सांगताच कळते.

गोन्सालो यांच्या आयुष्यात पहिली कृपा अशीच आली होती. एका धर्मगुरूने दोन भाषांच्या मधल्या मुलाला हाताला धरून आत घेतले. त्या लहानशा गोष्टीचे फळ क्योटोच्या कुष्ठरोग्यांना मिळाले. आपण आज ज्याच्याशी दोन शब्द बोलू, त्याच्या हातून पुढे कुणाचे भले होणार आहे, हे आपल्याला कळणार नाही. कळण्याची गरजही नाही.

म्हणून या नाताळात आमची एक विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने मध्यरात्रीच्या मिस्सानंतर आपल्या ओळखीच्या माणसांकडे वळण्याआधी मागच्या भिंतीकडे जावे. नाव विचारावे, गाव विचारावे. भाषा येत नसेल तर ज्याला येते त्याला हाक मारावी. आपल्यात दुभाष्यांची वाण नाही. डब्यातल्या करंज्या तिथूनच वाटायला सुरुवात करावी. ज्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावता येईल त्यांनी बोलवावे, कारण मजुरांच्या खोलीवर नाताळच्या दिवशीही रोजचाच भात शिजतो. आणि आपल्या रात्रपाळीला जो बिगरख्रिस्ती मित्र उभा राहिला असेल, त्याचे आभार मानायला विसरू नये.

संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्या घरी येवो, आणि तो अनोळखी चेहऱ्याने आला तरी आपल्याला ओळखू येवो. आपणा सर्वांना नाताळच्या प्रेमपूर्वक शुभेच्छा आणि आशीर्वाद.

आपले धर्मगुरू